मगरपट्ट्याला

बटण कॉटखाली गेलं होतं — अंडर द कॉट. कॉट वर, बटण खाली, मध्ये मोकळी जागा, म्हणून अंडर, हे बरोबर. पांढरं, चार भोकांचं, कुर्त्याच्या बाहीचं बटण. फरशीवर, म्हणजे ऑन द फ्लोअर, हेही बरोबर. पण ते भिंतीला टेकून होतं, आणि टेकून असण्याला काय म्हणायचं? ऑन द वॉल तर घड्याळ असतं. ॲट द वॉल? अगेन्स्ट — हां, अगेन्स्ट द वॉल — पण अगेन्स्ट म्हणजे विरुद्ध ना, बटणाचं आणि भिंतीचं कसलं आलंय वैर... नम्रता फरशीवर पालथी पडली होती, हात खांद्यापर्यंत कॉटखाली गेला होता, बोटं वीतभर अलीकडेच अडत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण बटण काढतच नाही आहोत, नुसता त्याचा पत्ता शोधतो आहोत.

"काय करून राह्यली वं?" बाबांनी दारातून विचारलं.

"बटण पडलंय."

"मंग ते इंग्रजीत काहून शोधते?"

म्हणजे आपण मोठ्याने बोलत होतो. ती उठून बसली, गुडघे झाडले. बाबांना वाशीमकडून पुण्याला येऊन तिच्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली, हडपसरच्या कारखान्यात ते फिटरचे सीनियर फिटर झाले, पण तोंडातलं वऱ्हाड तसूभर हललं नाही. आज गुरुवार, कारखान्याची सुट्टी, म्हणून ते उंबऱ्यात बसून पेपर वाचत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, की पोरीची आज इंग्लंडवाल्यांशी फोनवर परीक्षा आहे. सांगू नका म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. आई शिवणयंत्रावर होती. तिने बटण न मागता दुसरं लावून दिलं, थोडं पिवळट, लक्ष दिलं तरच कळेल असं.

लक्ष कोण देईल? सगळे देतील. आज तर देतीलच.

परीक्षा तशी साधी होती, आणि तेच वाईट होतं. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत तिची बॅच इंग्लंडात रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांचे फोन घ्यायला शिकत होती — फोन आला की माणूस नेमका कुठे उभा आहे ते विचारायचं, कॉम्प्युटरवर भरायचं, मग तिकडे मदतीची व्हॅन निघायची. शेवटची चाचणी आज. तिकडून लिंडा नावाची बाई फोनवर असणार, स्पीकर चालू असणार, आणि सगळी बॅच त्याच खोलीत बसून ऐकणार. पास झालं की नोकरी पक्की, नाहीतर 'आम्ही कळवू'. काल मंदाकिनी मॅडमनी प्रश्नसुद्धा सांगून टाकला होता. समजा, तुमची गाडी तुमच्याच घराच्या दारात बंद पडलीय. कुठे आहात, ते लिंडाला सांगा. त्यावर सगळे हसले, सुटल्यासारखे. स्वतःच्या घराचा पत्ता, यात काय चुकायचंय? नम्रताही हसली होती, आणि हसता हसता भीती आत शिरली होती. रात्रभर ती तिथेच होती. आत्ताही आहे.

"घाबरू नको," बाबा म्हणाले. "पत्ताच त सांगायचा हाय. मले उभं कर, मी सांगतो."

ते सांगतील, यात काय शंका. बँकेत, रेशनच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, बसमध्ये शेजारी बसलेल्याला — सुखदेव वानखडे, पंचशीलनगर, बुद्धविहारासमोर — खणखणीत, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, समोरचा क्षणभर थांबतो तिथे मुद्दाम थांबून. घर पक्कं बांधलं तेव्हा त्यांनी हेच तीन तुकडे दाराशेजारी निळ्या ऑइलपेंटने रंगवून घेतले, आणि त्या दिवशी तिला इतकी लाज वाटली होती, की ती आजारी आहे सांगून आत झोपून राहिली. लाज कसली, हे तेव्हाही तिने स्वतःला विचारलं नाही. बाप बरोबर होता आणि ती चूक होती, एवढं कळत होतं. कळून लाज जात नाही.

ती निघाली. गल्लीतून डावीकडे, पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे, मग ती लांबच लांब भिंत, वर काचा लावलेली, पलीकडे मगरपट्ट्याच्या नव्या वसाहतीच्या इमारती आणि लॉन आणि कारंजं... भिंतीला वळसा घालून पुढे मोठ्या रस्त्याला लागायचं आणि वसाहतीच्या मेन गेटसमोर जाऊन उभं राहायचं. तिची कॅब तिथे येते. पिक-अप मेन गेट, असं पहिल्याच दिवशी तिने भरून दिलं होतं. गेटसमोर उभं राहायला कुणाचं काही जात नाही.

आणि मुळात मी खोटं बोलले नव्हते. हे तिने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते पाठ केलेल्या वाक्यासारखं न अडखळता यायचं. पहिल्या दिवशी कॅबमध्ये अक्षताने विचारलं, "राहायला कुठे गं तू?" आणि ती म्हणाली, "मगरपट्ट्याला." यात खोटं काय? वसाहत नव्हती, नुसती उसाची शेतं होती, तेव्हापासून बाबा मगरपट्ट्यालाच राहतात. 'ला' म्हणजे काय, आत का बाहेर, जवळ का मागे, हे मराठीत कुणी विचारत नाही. पुण्याला राहतो, हडपसरला राहतो, मावशीला भेटतो, देवाला जातो, सगळं त्या एका 'ला'त मावतं. किती मायाळू अक्षर आहे ते! बाबा त्याला 'ले' म्हणतात, पुण्याले, मगरपट्ट्याले, पण मायाळूपणा तोच. अक्षता मात्र खुशीत ओरडली होती, "अय्या, मी पण! कुठली सोसायटी?" आणि त्याच वेळी ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, पुढे म्हैस आली होती, सगळे पुढच्या सीटवर आदळले, आणि प्रश्न तिथेच राहिला. नंतर कधी तो आला, की नम्रता दुसरं काहीतरी बोलायची. संध्याकाळी कॅब दोघींना गेटवर सोडायची तेव्हा ती म्हणायची, तू हो पुढे, मला मेडिकलमधून आईची गोळी घ्यायचीय. असं रोज म्हणायचं म्हणजे आईला काहीतरी कायमचं हवं, म्हणून बीपी दिलं. आईची तब्येत ठणठणीत. बिचारीला आपल्या आजाराचा पत्ताही नव्हता.

"काकूंचं बीपी कसंय?" आज कॅबमध्ये बसताबसता अक्षताने विचारलं. ती गेटच्या आतून येते, केस ओले, हातात टोस्ट.

"बरंय."

"मी मरतेय भीतीने. तुला नाही वाटत?"

"थोडी."

"तुझं बरंय, तू शांत असतेस. ऐक, आज सुटलं ना, की आपण तुझ्याकडे जाऊ या. खरंच. मला काकूंना भेटायचंच आहे. इतके दिवस एका ठिकाणी राहतो आणि मी तुझं घर पाहिलं नाही म्हणजे कमालच आहे की नाही?"

नम्रता हसली. ओठ ताणले गेले, दात दिसले, झालं ते हसणं. अक्षता वाईट नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं. अक्षता आपला डबा आधी पुढे करते, माझ्या चुका स्वतःच्या म्हणून सांगते, आणि मागे एकदा सहज म्हणाली होती, "वानखडे म्हणजे तुम्ही अमरावतीकडचे का? आमच्या वरच्या मजल्यावर आहेत एक वानखडे, त्यांचा तिकडे वाडा आहे." तेव्हाही नम्रता म्हणाली, हो, तिकडचेच. आडनावसुद्धा 'ला'सारखंच निघालं होतं, कुठेही बसणारं, कुणालाही आत घेणारं. वाशीम अमरावतीकडेच तर आहे. नकाशा काढून बघा.

मग कळलं तर काय होईल — हा प्रश्न ती रोज याच रस्त्यावर स्वतःला विचारायची आणि उत्तर अर्धं सोडायची. काही होणार नाही. दोन हजार चार साल आहे, काचेची इमारत आहे, सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, कोण कुणाचं काय विचारतंय? पण कॉलेजातली ती मैत्रीण... घरी आली होती, पंचशीलनगरात, न सांगता, वही परत द्यायला. आईने पाणी आणलं, तर म्हणाली नको, आत्ताच प्यायले. तहान नसेल तिला. खरंच नसेल. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी फार चांगलं वागायला लागली. नोट्स आपणहून द्यायची, चार लोकांत माझी बाजू घ्यायची, माझ्यासमोर बोलताना शब्द निवडायची. वाईट वागली असती तर मी भांडले असते. त्या चांगल्या वागण्याशी कसं भांडायचं, हे मला कळलं नाही, आणि हळूहळू मीच तिला टाळायला लागले. अक्षताने तसं चांगलं वागायला लागायला नको आहे. तिने टोस्टचा अर्धा तुकडा तोंडात धरून माझ्या ओढणीला हात पुसावेत, आत्ता पुसले तसे.

मुंढव्याच्या पुलावर गाडी अडकली. खाली नदीवर हिरवी जलपर्णी, नदी दिसतच नव्हती. ऑन द ब्रिज, तिने मनात म्हटलं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी 'इन द ब्रिज' म्हणालं होतं, तर मंदाकिनी मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "पुलाच्या आत? अहो, मग व्हॅन कशाला, गवंडी पाठवू या." मॅडम पेठेतल्या कुठल्याशा शाळेतून निवृत्त होऊन इथे आलेल्या, पांढरी साडी, पायात स्पोर्ट्स शूज, आणि जिभेला धार. हसण्यासाठी त्या कधी थांबत नसत, वाक्य टाकून पुढे जात. त्यांनीच फळ्यावर तीन आकृत्या काढल्या होत्या. ॲट म्हणजे टिंब, ऑन म्हणजे रेघ किंवा पाट, इन म्हणजे पेटी. नम्रताला टिंब फार आवडलं होतं. टिंबाला आतबाहेर नसतं. टिंबाला भिंत नसते. ती सगळीकडे ॲट लावायला लागली — ॲट पुणे, ॲट इंग्लंड, ॲट द किचन — आणि मॅडम कंटाळून म्हणाल्या होत्या, "वानखडे, तुम्ही कुठेच आत शिरत नाही का हो? सगळीकडे दारातूनच परत?" बॅच हसली. तिला वाटलं, बाईंना कळलं. बाईंना काही कळलं नव्हतं, त्या व्याकरणाबद्दलच बोलत होत्या, पण घामाला ते कोण सांगणार.

दुपारपर्यंत सराव. जोड्या करून एकमेकांना घरचा पत्ता सांगायचा होता. नम्रता रोहनबरोबर बसली, मुद्दाम, कारण रोहन फक्त स्वतःचंच बोलतो. तो मांजरी गावाला राहतो आणि फाट्यावरून आत किती जायचं यावरच त्याचा वेळ संपला. "मुख्य रस्त्यावरून आत," तो म्हणत होता, "इनसाइड फ्रॉम मेन रोड." मॅडम जाता जाता म्हणाल्या, "ऑफ. ऑफ द मेन रोड. आपण ज्याला आत म्हणतो त्याला ते ऑफ म्हणतात." रोहनला ते पटेना. आत जाणं म्हणजे ऑफ कसं? ऑफ तर दिवा होतो.

नम्रता मात्र डब्यासमोर बसून तेच घोळवत होती. आपण आत म्हणतो, ते बाहेर म्हणतात... आजी म्हणायची, "गावात जाऊन येते." लहानपणी सुट्टीत वाशीमकडे गेलं, की आजी सकाळी लुगडं झटकून म्हणायची, गावात जाऊन येते, आणि मधे फक्त एक नाला आणि बाभळीची रांग. नम्रताने विचारलं होतं, "मग आपण कुठे आहोत, आजी? आपण गावात नाही का?" आजीला प्रश्नच कळला नव्हता. बाबांना कळला. ते रात्री म्हणाले, "आपण त्या गावचे होतो. गावात नव्हतो." बाबा हे चिडून म्हणाले नाहीत, नटाचा आटा कुठल्या बाजूने फिरतो ते सांगावं तसं सांगितलं. त्या गावचे, पण त्या गावात नाही. म्हणजे मराठीलाही आत आणि बाहेर येत होतं की. लागेल तिथे नेमकं येत होतं. मग 'ला' मायाळू कसा? आपल्याला हवा तेव्हा मायाळू. भाजी तिने तशीच ठेवली आणि हात धुतले.

काय करायचं ते रात्रीच ठरवलं होतं. वसाहतीतला पत्ता सांगायचा. गेटपासून कारंज्यापर्यंतचा रस्ता तिला बाहेरून पाठ होता, अक्षताच्या बोलण्यातून इमारतींची नावं ठाऊक होती. लिंडाला काय कळणार? लिंडा इंग्लंडात. पण अक्षता त्याच खोलीत असेल, आणि आपण म्हणू त्या इमारतीत, त्या मजल्यावर, कदाचित अमरावतीच्या वाड्यातले ते वानखडे राहत असतील... नको. मग खरं सांगायचं. खरं सांगायचं म्हणजे खोलीत सगळ्यांसमोर, स्पीकरवर, इंग्रजीत, ज्या भाषेत 'ला' नाही. दोन्हींतलं एक केल्याशिवाय नोकरी नाही. तिसरं काहीतरी असेल असं तिला जेवणाच्या सुट्टीच्या शेवटच्या मिनिटापर्यंत वाटत होतं.

खोली थंड होती. टेबलावर मधोमध तो तीन पायांचा काळा फोन, भोवती खुर्च्या. जो बोलेल त्याने फोनसमोर बसायचं, बाकीच्यांनी मागे. पहिलं नाव अक्षताचं आलं, आणि अक्षता, जी भीतीने मरत होती, ती खळखळून बोलली. इन द टाउनशिप, ऑन द फोर्थ फ्लोअर, ऑपोझिट द क्लबहाउस. एकही चूक नाही. लिंडाचा आवाज जाडसर होता, दुकानातल्या बाईसारखा ओळखीचा, मधूनमधून मायेने 'लव्ह' म्हणणारा. लव्हली, ती म्हणाली, आय कॅन सी इट. आणि अक्षता उठता उठता आनंदाने म्हणून गेली, "माय फ्रेंड नम्रता लिव्ज देअर टू."

"ओह, गुड," लिंडा म्हणाली. "लेट्स टेक हर नेक्स्ट. नम्रता, यू ऑलरेडी हॅव माय ड्रायव्हर ॲट द मेन गेट. व्हेअर आर यू?"

खुर्ची अजून गरम होती. फोनवरचा हिरवा दिवा एकटक बघत होता. पाठीला सगळ्यांचे डोळे लागलेले कळत होते, कपड्यातून कळत होते.

"आय ॲम," ती म्हणाली, "ॲट मगरपट्टा."

"ॲट?" मागून मॅडम खाकरल्या. लिंडा हसली नाही. "इट्स अ बिग प्लेस, लव्ह, युवर फ्रेंड जस्ट सेड सो. आर यू इन इट ऑर नॉट?"

इन इट ऑर नॉट. इतका उघडा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. इथे लोक आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, घरात गणपती बसतो का ते विचारतात, सणाला काय करता विचारतात, आजूबाजूने फिरत राहतात, आणि आपणही आजूबाजूने उत्तर देत राहतो, दोघांनाही कळतं, कुणी काही म्हणत नाही. ही बाई मात्र सरळ विचारत होती, कारण तिला काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त गाडी पाठवायची होती.

"नॉट इन," नम्रता म्हणाली. "बिहाइंड. बिहाइंड द टाउनशिप. देअर इज अ वॉल."

मागे कुणाची तरी खुर्ची वाजली.

"बिहाइंड," लिंडा म्हणाली, आणि कीबोर्डचा आवाज आला, म्हणजे ती खरंच लिहून घेत होती. "नाउ टेल मी, व्हिच वे आर यू फेसिंग?" तिचं म्हणणं होतं, तू स्वतःच्या दारात उभी आहेस. तू त्या भिंतीच्या मागे आहेस, की भिंत तुझ्या मागे?

भिंतीच्या मागे... आपण भिंतीच्या मागे राहतो. भिंत झाली तेव्हापासून सगळे तसंच म्हणतात, रिक्षावाले, गॅसवाला, ती स्वतः — वसाहतीच्या मागे. म्हणजे इतकी वर्षं ती गेटवर उभी राहून स्वतःच्या घराकडे बघत आली होती. आता दारात उभं राहून बघायचं, तर... दारात बाबा बसले आहेत. समोर विहार, विहाराच्या पायऱ्यांवर सुकत घातलेले कपडे, पिंपळ. भिंत कुठाय? भिंत दिसतच नाही. ती घराच्या पाठीमागे आहे, न्हाणीच्या पलीकडे, तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

"द वॉल इज बिहाइंड मी," ती म्हणाली, आणि तिच्याच आवाजाने दचकली, कारण तो बराच मोठा आला होता. "आय ॲम इन पंचशीलनगर. माय हाउस इज ऑपोझिट द बुद्धविहार. टेल युवर ड्रायव्हर..." मग बाकीचं आपोआप येत गेलं, भिंतीला वळसा घालून, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे, रस्त्याच्या कडेला, गल्लीच्या तोंडाशी, ऑन आणि ॲट आणि इन एकामागून एक, बरोबर की चूक ते तिने पाहिलंच नाही, ती चालत होती, त्या रस्त्याने, घराच्या दिशेने.

"राइट," लिंडा म्हणाली. "आय हॅव गॉट यू."

सापडलीस. मराठीत हरवलेला सापडतो आणि चोरही सापडतो, शब्द एकच, आणि नम्रताला यातला कुठला अर्थ लागू होतो ते कळेना. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळलं तर अक्षताचा चेहरा दिसेल, आणि त्याच्यावर जर ते चांगलं वागणं उमटायला लागलं असेल तर... भीती गेलेली नव्हती. ती तिथेच होती. फक्त आता ती पुढे काय होईल याची नव्हती, जे होऊन गेलं त्याची होती, आणि ही जात जरा निराळी असते, हिच्याबरोबर बसता येतं.

तेवढ्यात लिंडाने तो प्रश्न विचारला. प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायचा असतो तो, नियमच आहे, बाई एकटी असेल, अंधार असेल, मागून ट्रक येत असतील. उद्यापासून मीही दिवसाला पन्नासदा विचारीन कदाचित.

"ॲण्ड आर यू सेफ व्हेअर यू आर?"

व्हेअर यू आर. त्या प्रश्नात इन नव्हतं, ॲट नव्हतं, निवडायला काहीच नव्हतं. जिथे आहेस तिथे. दारात? दारात तर ती कधीच घाबरलेली नाही. दिवे गेल्यावर नाही, रात्रपाळीला गेलेले बाबा यायचे असताना कडी न लावता झोपल्यावर नाही, त्या निळ्या अक्षरांशेजारी केस विंचरत उभं राहिल्यावर नाही. घाबरते ती गेटसमोर. कॅबमध्ये. डब्याच्या टेबलावर, कुणी जरा प्रेमाने चौकशी केली की. या खुर्चीत. इतके दिवस मला वाटत होतं की भीती त्या पत्त्यावर राहते आणि मी ती लपवून इथे येते. ती तर इथेच राहत होती, आणि मी रोज सकाळी आंघोळ करून तिच्याकडे येत होते.

"नम्रता? आर यू देअर?"

"ॲट होम, येस," ती म्हणाली. "आय ॲम सेफ ॲट होम."

लिंडा थांबून होती. कीबोर्ड वाजला नाही. कदाचित तिला एक हो किंवा एक नाही हवं होतं, चौकटीत भरायला.

"बट हिअर..." नम्रता म्हणाली. 'हिअर'च्या आधी काहीच लावावं लागत नाही, हे मॅडमनी शिकवलं नव्हतं. हिरवा दिवा चालू होता, मागे बसलेले सगळे ऐकत होते, आणि तिला वाक्य पुरं करायचं होतं.